राखेचं पोतं

नऊ वर्षं टूर मॅनेजर म्हणून हिमाचल करतोय. लोकांना वाटतं याला फुकट फिरायला मिळतं. खरं काम म्हणजे डोकी मोजणं, स्वच्छ बाथरूम शोधणं आणि खिडकीच्या सीटवरून होणारी भांडणं मिटवणं. पण डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यातला एक दिवस काही केल्या डोक्यातून जात नाहीये.

मनालीहून रोहतांग खिंडीपलीकडे, लाहौलमधल्या सिस्सूला जायचं होतं. पूर्वी बर्फ पडला की रोहतांग बंद आणि लाहौलचा रस्ताच संपला. २०२० ला अटल टनेल सुरू झाला, ९.०२ किलोमीटर, तेव्हापासून पब्लिकला सिस्सू म्हणजे मनालीतलाच एक पॉइंट वाटतो, नाश्ता करून जा आणि जेवायला परत या. टनेलचं तोंड दहा हजार फुटांवर आहे हे कुणाच्या गावीही नसतं.

आमचे ड्रायव्हर मंडीचे, पन्नाशीचे, सगळे त्यांना उस्तादजी म्हणतात. सकाळी वर बघून म्हणाले, "सर जी, आज सोलंग तक ही रखते हैं।" म्हणजे टनेलच्या अलीकडेच थांबू. माझा ग्रुप डोंबिवलीचा, १४ जण, सगळे साठीच्या पुढचे, आणि "प्रोग्राममध्ये लिहिलंय ना?" हे आदल्या रात्रीपासून चारदा ऐकून झालेलं. टूर संपली की हेच लोक फॉर्मवर मार्क देतात आणि ऑफिसला तेवढेच दिसतात. मी म्हटलं, जाऊन लगेच येऊ.

वर अजून एक शहाणपणा केला. उस्तादजी शेवटच्या सीटखाली एक पोतं ठेवतात, ढाब्याच्या तंदूरमधली राख. एका काकूंच्या शालींच्या पिशवीला ती लागली, त्यांनी तोंड वाकडं केलं, तर मी ते पोतं हॉटेलच्या गेटपाशी उतरवायला लावलं. ते काही बोलले नाहीत, फक्त पोत्याचं तोंड सुतळीने नीट बांधून भिंतीला टेकवून ठेवलं.

सिस्सूला दोन वाजता भुरभुर सुरू झाली. लोकांचे फोटो संपेनात, निघायला तीन. टनेलमध्ये एकदम कोरडं, उजेड, गाडी मस्त, आणि मनालीच्या बाजूला बाहेर पडलो तर समोर नुसतं पांढरं. धुंदी नावाच्या जागेच्या खाली उतारावर पुढची स्विफ्ट आडवी झाली. ब्रेक मारला असता तर आम्ही थेट तिच्यावर. उस्तादजींनी गिअर खाली आणत गाडी मुद्दाम डोंगराकडे घेतली, कारण दुसऱ्या बाजूला दरी, आणि मागचं चाक बर्फाखाली लपलेल्या नालीत बसलं. गाडी तिरकी, आतमध्ये रामरक्षा चालू.

स्विफ्टवाला पोरगा एक्सलेटर दाबूनच बसलेला. चाक जागेवर फिरलं की घर्षणाने बर्फ वितळतो आणि लगेच गोठून खाली काच तयार होते, मग तिथे माणूससुद्धा उभा राहू शकत नाही. त्यात बर्फात चाक घसरू नये म्हणून टायरला बांधायच्या साखळ्या रस्त्यावर भाड्याने देणाऱ्या कुणीतरी त्याच्या मागच्या चाकांना साखळी बांधलेली. स्विफ्टला ओढतात पुढची चाकं! पैसे घेताना एवढं तरी बघावं. उस्तादजींनी आधी त्याच्या साखळ्या काढून पुढे बांधल्या, मी आतून चिडलो होतो की आधी आपली गाडी बघा, पण तो हलल्याशिवाय आम्हाला पुढे जागाच नव्हती हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

आमची टेम्पो ट्रॅव्हलर मागच्या चाकांवर चालते, म्हणजे साखळी मागे. पण चाक नालीत, तर जॅक लावायला हवा आणि जॅक बर्फात रुततो. त्यांनी सीटखालून फळी काढली, पुढच्या चाकांना दगड लावले, सगळ्यांना खाली उतरवलं. हँडब्रेक लावलाच नाही, थंडीत तो जाम होतो, गाडी गिअरमध्येच. साखळीची एक कडी तुटलेली होती ती ते हातमोजा काढून तारेने पिळत होते, बोटं बीटासारखी लाल, तार सारखी निसटायची, आणि मी मोबाईलचा टॉर्च धरून उभा. एवढ्यात एका काकांनी मदत म्हणून थर्मासमधलं गरम पाणी चाकाखाली ओतलं. दहा मिनिटांत तिथे आरसा. उस्तादजी पहिल्यांदा हसले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "राख होती तो..." आणि वाक्य तिथेच सोडलं.

चाकाखाली टाकून पकड यावी म्हणून राखेऐवजी आम्ही डोंगराच्या कडेची गोठलेली माती टॉमीने, म्हणजे गाडीतल्या लोखंडी दांड्याने, फोडून काढली, मी आणि स्विफ्टवाला पोरगा, बादलीभर माती निघायला पाऊण तास. राख असती तर दोन मिनिटं. मधे सगळ्यांना आत बसवून हीटर लावला, तेव्हा सायलेन्सरभोवतीचा बर्फ मी दर पंधरा मिनिटांनी हाताने उकरत होतो आणि एक काच दोन बोटं उघडी, नाहीतर धूर आत शिरतो आणि माणसं झोपेतच जातात. थंडी वाजते म्हणून काच लावा असं तिघांनी सुनावलं. त्या दिवशी मी काही बरोबर केलं असेल तर एवढंच.

शेवटी सगळ्यांना मागच्या सीटांवर दाटीवाटीने बसवलं, चाकांवर वजन यायला. सेकंड गिअर, थोडं पुढे, थोडं मागे, पाळण्यासारखं, बाहेरून आम्ही पंधरा-वीस जण रेटतोय, कोण कुठल्या गाडीतला काही पत्ता नाही. क्लचचा जळका वास नाकात बसला. सातव्या की आठव्या झोक्याला गाडी वर आली, आणि उस्तादजी थांबलेच नाहीत, तसेच कोरड्या पट्ट्यापर्यंत गेले, आम्ही मागून धावत.

हॉटेलला पोचायला साडेअकरा. फीडबॅकमध्ये सगळ्यांनी मला पैकीच्या पैकी दिले, "मॅनेजर देवासारखे धावले" वगैरे. ऑफिसच्या रिपोर्टमध्ये मी लिहिलं, खराब हवामानामुळे परतायला उशीर. पोत्याबद्दल नाही, सकाळच्या बोलण्याबद्दलही नाही.

सकाळी बघतो तर उस्तादजी गेटपाशी पोत्यावरचा बर्फ झटकत होते. सीटखाली ठेवलं, वर जुना पेपर पसरला, त्यावर काकूंची पिशवी. गाडी चढाला ओढत नव्हती, म्हणाले क्लच प्लेट गेली, मंडीला बदलून घेतो. गाडी त्यांच्या मेहुण्याची आहे. बिल कुणी भरलं हे मी अजून विचारलेलं नाही.