बैलाच्या पोटातले कासव

मी ज्या नाणेसंग्रहात सूचीकरणाचे काम करतो, तेथे त्या दिवशी क्रीट बेटावरील चांदीच्या नाण्यांचा एक ट्रे माझ्यापुढे आला. त्यातील काही नाणी ‘दुबार’ म्हणून पूर्वीच बाजूला काढलेली होती, म्हणजे पुढेमागे अदलाबदलीत देऊन टाकण्याजोगी. त्यांपैकी एकाच्या जुन्या चिठ्ठीवर एवढाच शेरा होता : ‘गोर्तिन. झिजलेले. ठसा सदोष.’

गोर्तिन हे क्रीटमधील एक प्राचीन ग्रीक नगर. नाणे इसवी सनपूर्व पाचव्या शतकातले. एका बाजूला बैलावर बसलेली ग्रीक पुराणकथेतील राजकन्या युरोपा, दुसऱ्या बाजूला खोल चौकोनात सिंहाचे समोरून दिसणारे मुख. वजन ११.८ ग्रॅम भरले. बैलाच्या पोटावर मात्र बारीक फोडांसारखे काही उंचवटे होते, आणि चिठ्ठी लिहिणाऱ्याने बहुधा त्यांनाच दोष मानले असावे. मलाही आधी ती चांदीवर चढलेली पुटेच वाटली. पण भिंगाखाली पाहिल्यावर ते ठिपके गोल, सारख्या आकाराचे आणि एका रेषेत आहेत असे दिसले, आणि गंजाला रांग धरता येत नाही.

दिवा अगदी खाली, टेबलाच्या पातळीवर आणून तिरपा प्रकाश पाडला आणि नाणे थोडे थोडे फिरवत गेलो. पाव फेरा झाला तेव्हा बैल उभा राहिला आणि त्याच्या अंगातून एक कासव वर आले : पाठीच्या कण्यावरून जाणारी ठिपक्यांची ओळ, कवचाची एका बाजूची गोलाई आणि काठावर दबून गेलेला एक वल्ह्यासारखा पाय. ते एजिनाचे समुद्री कासव होते. एजिना बेटाच्या नाण्यांवरचे हे चिन्ह ग्रीक जगात दूरवर ओळखीचे होते. उलट बाजूला सिंहाच्या आयाळीखाली एक तिरकी, जाड रेघ आधीपासून मला खटकत होती. ती एजिनाच्या नाण्याच्या मागील चौकोनाला विभागणारी पट्टी होती. म्हणजे एजिनाच्या जुन्या नाण्यावरच गोर्तिनचा नवा ठसा मारलेला होता.

जुना ठसा नेमका कोठे टिकतो, याविषयी पुष्कळांचा गैरसमज असतो. तो मोकळ्या सपाट जागेत टिकेल असे वाटते, परंतु तेथे तर नवा ठसा उमटवणाऱ्या साच्याचा पृष्ठभाग धातूला सर्वांत जोराने दाबतो. नव्या साच्यात जेथे खोल खळगा असतो, जसा या बैलाच्या पोटासाठी कोरलेला, तेथे धातू पूर्णपणे भरला नाही तर जुने उठावकाम तसेच राहून जाते. नाणे पुरेसे तापवलेले नसले किंवा हातोड्याचा घाव हलका पडला, तर हे हमखास घडते.

मी या अभ्यासाकडे वळलो तो जोगळटेंभीमुळे. नाशिक जिल्ह्यातील या गावी १९०६ साली क्षत्रप राजा नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. तेरा हजारांहून अधिक नाण्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपली चिन्हे पुन्हा ठोकून घेतली होती. तेथे पुनर्मुद्रण म्हणजे विजयाची घोषणा. त्यामुळे दुसऱ्याच्या नाण्यावर उमटलेला ठसा दिसला की माझ्या मनात आधी युद्धच येते, आणि त्या दिवशीही आले. पण गोर्तिनने एजिना कधी जिंकले नव्हते. क्रीटमध्ये चांदीच्या खाणी नव्हत्या. चांदी येई ती बाहेरून, पुष्कळदा नाण्यांच्या रूपाने. शिवाय एजिनाचे सुमारे १२.२ ग्रॅमचे वजनमानच क्रीटमधील नगरांनी स्वीकारलेले होते. मग ती नाणी वितळवायची, पुन्हा तोलून चकत्या ओतायच्या, हा खटाटोप कशासाठी करायचा? तापवा आणि ठोका. या नगराची सुरुवातीची काही नाणी स्वतःविषयीही हेच सांगतात : त्यांवर उजवीकडून डावीकडे ‘गोर्तिनॉस तो पाइमा’ अशी अक्षरे आहेत, आणि त्यांतील ‘पाइमा’ हा शब्द ‘ठोकणे’ या अर्थाच्या क्रियापदापासून आलेला आहे. कासवावर बैल ठोकणाऱ्या टांकसाळीला याहून नेमका शब्द मिळाला नसता, असे मला मनापासून वाटते.

दुपारनंतरचा सगळा वेळ दोन ठिपक्यांत गेला. एजिनाच्या कासवाच्या कण्यावरील ओळीला मानेजवळ दोन्ही बाजूंनी एकेक ठिपका जोडलेला असेल, तर ते नाणे साधारण इसवी सनपूर्व ४८० नंतरचे मानतात. नुसती सरळ ओळ असेल तर त्याआधीचे. एक ठिपका स्पष्ट होता. दुसरा युरोपाच्या गुडघ्याच्या घडीत शिरलेला होता, आणि तो वस्त्राची चुणी आहे की ठिपका, हे डोळ्यांनी ठरेना. शेवटी एजिनाच्या नाण्याचे छायाचित्र त्याच मापात छापून पारदर्शक कागदावर गिरवले, तो कागद आमच्या नाण्याच्या छायाचित्रावर पाव फेरा देऊन ठेवला, आणि कणा व पाय जुळवले. दुसरा ठिपका चुणीवर तंतोतंत बसला. आता बैलाचा ठसा त्या कासवाच्या आधीचा असूच शकत नव्हता. कासवाचे नाणे किती वर्षे हातोहात फिरून मग गोर्तिनला पोहोचले, हे मात्र हा पुरावा सांगत नाही, म्हणून कार्डावर मी फक्त ‘४८० नंतर’ एवढेच लिहिले.

जुनी चिठ्ठी मी फेकली नाही; नव्या कार्डामागे ठेवली. नव्या कार्डावर तळठशाचे, म्हणजे खालच्या जुन्या ठशाचे, पेन्सिलचित्र काढले, नाणे घड्याळाच्या दिशेने पाव फेरा फिरवून पाहावे अशी सूचना लिहिली, आणि ‘दुबार’ हा शब्द खोडून नाणे मुख्य ट्रेमध्ये परत ठेवले.