माउंट डेव्हिडसनच्या क्रुसापाशी ईस्टरची पहाट: माझा अनुभव

सॅन फ्रान्सिस्कोत ईस्टरची पहाटेची उपासना डोंगरावर करायची, तर जागा ठरलेली आहे. माउंट डेव्हिडसन हा 928 फुटांचा डोंगर शहरात सगळ्यांत उंच, आणि त्याच्या माथ्यावर 103 फुटी काँक्रीटचा क्रूस. इथे सूर्योदयाच्या उपासनेची प्रथा 1923 साली सुरू झाली. पुण्या-नगरकडच्या चर्चमध्ये वाढलेल्यांना पुनरुत्थानाच्या रविवारी अंधारात उठून उपासनेला जाणं सवयीचं असतं. इथे त्यात चढण, वारा आणि धुकं यांची भर पडते. म्हणून तयारीचं सगळं सविस्तर लिहिते.

आधी तारीख आणि वेळ पाहा. ईस्टर 22 मार्च ते 25 एप्रिल यांच्या दरम्यान कधीही येतो, आणि त्या महिन्याभरात इथला सूर्योदय चांगला पाऊण तास सरकतो. ईस्टर मार्चअखेर आला तर सूर्य सातच्या आसपास उगवतो, एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात साडेसहालाच. त्यामुळे मागच्या वर्षीच्या वेळेवर विसंबू नका. त्या वर्षाची वेळ जाहीर झाली की त्याच्या अर्धा-पाऊण तास आधी डोंगराच्या पायथ्याशी पोहोचायचं, असा माझा हिशोब असतो.

खरी अडचण पोहोचण्याचीच आहे. एरवी फॉरेस्ट हिल स्टेशनवरून 36 टेरेसिटा ही बस थेट मायरा वे आणि डेलवुड वेच्या कोपऱ्याशी, म्हणजे वाटेच्या तोंडाशी सोडते. पण रविवारी बार्ट ही उपनगरी रेल्वे सकाळी आठच्या आधी सुरू होत नाही. खाडीपलीकडच्या ओकलंड, फ्रीमाँटकडून येणाऱ्यांना गाडीने किंवा टॅक्सीनेच यावं लागतं. चार-पाच जणांनी मिळून एक गाडी आणणं उत्तम, कारण वरती वाहनतळ नाही आणि खालचे रस्ते अरुंद, घरांना लागून आहेत. कुणाच्या गॅरेजच्या तोंडाशी गाडी लावली तर ती उचलून नेतात, आणि त्या पहाटे लोक गडबडीत नेमकं हेच करतात. उतारावर गाडी लावताना चाकं कडेच्या दगडाकडे वळवून ठेवायचा इथे नियम आहे. त्यासाठीही दंड होतो.

चढ फार नाही. डेलवुडच्या बाजूने रुंद कच्च्या वाटेने सावकाश चाललं तरी पंधरा-वीस मिनिटांत माथा येतो. त्रास होतो तो निसरड्याचा. या डोंगराचा पश्चिम भाग निलगिरीच्या उंच झाडांनी भरलेला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ॲडॉल्फ सुत्रो या धनिकाने ती लावून घेतली. समुद्रावरून आलेलं धुकं त्यांच्या पानांत अडकतं आणि थेंब होऊन खाली गळतं. म्हणजे गावात पाऊस नसला तरी झाडांखालची वाट ओली, चिखलाची, वर सालींचा खच. रबरी खाचांचे बूट घाला. साडी किंवा लांब झगा नेसायचा असेल तर घोट्याच्या वर राहील एवढा खोचून घ्या. टॉर्च हातात धरण्यापेक्षा कपाळावर बांधायचा दिवा बरा, एक हात लहान मुलांसाठी मोकळा राहतो. वाटेच्या कडेला ब्लॅकबेरीची काटेरी जाळी असते, आणि तीन-तीन चकचकीत पानांचं पॉयझन ओकही असू शकतं. त्याचं तेल अंगाला लागलं की खाजरे फोड येतात, म्हणून आधाराला झुडूप धरू नका.

माथ्यावर पाणी नाही, स्वच्छतागृहही नाही. घरून निघतानाच त्याचा विचार करा. ज्येष्ठांसाठी घडीचं स्टूल आणि जाड शाल न्या. वारा इतका की गाण्यांचे सुटे कागद उडून जातात. पुठ्ठ्याला चिमट्याने लावले तरच टिकतात. मेणबत्त्या मात्र आणूच नका. निलगिरीचं तेल आणि वाळलेल्या साली पटकन पेटतात. सध्याच्या क्रुसाआधीचे लाकडी क्रूस आगीत गेले, म्हणूनच हा काँक्रीटचा बांधला. बॅटरीचे दिवे पुरतात.

सूर्य क्रुसापाशी उभं राहून नीट दिसेल अशी अपेक्षा ठेवू नका, भोवती झाडं आहेत. उपासना संपली की पूर्वेकडच्या मोकळ्या गवताळ टेकाडावर या. तिथून शहराचा मध्यभाग, खाडी आणि पलीकडचे डोंगर दिसतात. धुकं असेल तर यातलं काहीच दिसत नाही. तरीही जावं, असं माझं ठाम मत आहे. स्त्रिया येशूच्या कबरेकडे निघाल्या त्या उजाडताना, आणि इतके अनोळखी लोक थंडीत उभे राहून एकसुरात ‘प्रभू खरोखर उठला आहे’ म्हणतात ते ऐकायलाच तर आपण चढतो.

क्रूस कुणाचा आहे, हे माहीत असणं फार गरजेचं वाटतं. 24 मार्च 1934 रोजी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी वॉशिंग्टनमधून तारयंत्राची कळ दाबून त्याचे दिवे लावले. तेव्हा तो शहराच्या मालकीच्या जागेवर होता. सरकारी जमिनीवर एका धर्माचं चिन्ह का, यावरून खटला झाला आणि 1996 मध्ये न्यायालयाने शहराविरुद्ध निकाल दिला. क्रूस पाडण्याऐवजी शहराने त्याखालची 0.38 एकर जागा 1997 मध्ये लिलावात 26,000 डॉलरला विकली. ती उत्तर कॅलिफोर्नियातल्या आर्मेनियन-अमेरिकन संस्थांच्या परिषदेने घेतली आणि मतदारांनी त्या विक्रीला मान्यता दिली. ऑटोमन तुर्की राजवटीतल्या 1915 च्या आर्मेनियन नरसंहारात मारल्या गेलेल्यांचं आता हे स्मारक आहे, क्रुसाच्या पायथ्याशी तसा फलक आहे. तेव्हा चौथऱ्यावर डबे उघडून न्याहारी करू नये, मुलांना वर चढू देऊ नये.

भोवतालचं उद्यान मात्र शहराचंच आहे. न्याहारी तिकडे कुठेही करा, कचरा पिशवीत घालून खाली आणा. 24 एप्रिलला आर्मेनियन समाज इथे स्मरणासाठी जमतो. ईस्टरला गर्दीमुळे फलक वाचता आला नाही, तर त्या दिवशी यावं, फुलं आणावीत.