आडनावातला ऱ्ह

रविवार, रात्री साडेअकरा

"असू दे हो ताई, चालतं."

सकाळी नऊच्या सुमारास ऐकलेलं वाक्य. दिवसभरात किती माणसं बोलली माझ्याशी. पाणी कुठे ठेवलंय, वायफायचा पासवर्ड काय, वरच्या हॉलमधलं सेशन कधी संपणार. ते सगळं विसरले. हे तेवढं कानात राहिलं.

वेब बनवणाऱ्यांच्या आमच्या कार्यक्रमाचा दिवस चांगला गेला, हे आधी लिहून ठेवते, नाहीतर पुढच्या वर्षी वाचताना वाटेल की सगळं बिनसलं होतं. माटुंगा-मुलुंड मेगाब्लॉक सुरू व्हायच्या आत पोहोचायचं म्हणून लोक लवकर निघाले आणि साडेनऊलाच हॉल भरला. प्रोजेक्टर एकदाही रुसला नाही. ॲक्सेसिबिलिटीच्या सेशनला माणसं पायऱ्यांवर बसली होती. डोळ्यांनी न दिसणारा एक मुलगा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारा प्रोग्रॅम, लावून तिकिटाचा एक साधा फॉर्म भरत होता. लेबल नसलेल्या प्रत्येक चौकटीपाशी ते यंत्र नुसतं "एडिट, एडिट" म्हणत राहिलं, आणि अख्ख्या हॉलमध्ये कोणी खोकलंसुद्धा नाही. जेवण पुरलं. उरलेल्या पुऱ्या वॉचमनकाकांनी नेल्या.

बाबांनी नेहमीसारखं दार लोटून ठेवलं होतं. आंघोळ न करताच लॅपटॉप उघडला.

तर ते सर. पन्नाशी ओलांडलेली असेल. कसाऱ्याच्या बाजूने पहाटेची लोकल धरून आलेले, नोंदणीच्या टेबलापाशी पोहोचलेले जवळजवळ पहिलेच. गावच्या वाचनालयाची वेबसाइट एकटे सांभाळतात. मी डब्यातल्या बॅजांवरून बोट फिरवत त्यांचा बॅज काढून दिला. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, बॅज डोळ्यांजवळ नेला, वाचला. त्यांचं आडनाव इथे लिहीत नाही, ते त्यांचं आहे. एवढंच सांगते की त्यात कऱ्हाडमधला ऱ्ह आहे. बॅजवर तो ऱ्ह नव्हता. पापणीसारखा बाकदार अर्धा र जागेवरून उठून ह च्या डोक्यावर रफार होऊन बसला होता. कऱ्हाडचं कोणी 'कर्हाड' करावं, तसं.

ते काही बोलले नाहीत. टेबलावरचं पेन उचललं, बॅज पालथा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर इंग्रजीत नाव लिहिलं. कॅपिटल अक्षरांत, सावकाश, एका ओळीत. मी म्हटलं, "सर, थांबा ना, मी दुसरा करून देते." तेव्हा ते वाक्य आलं. आणि वर, "सगळीकडे असंच येतं."

आमच्या बॅजला मधोमध एकच हूक आहे. दोन हूकांच्या पट्ट्या महाग पडत होत्या. एक हूक असला की बॅज गळ्यात गरगर फिरतो. त्यामुळे दिवसभर ते जिन्यात, चहाच्या रांगेत, जेवताना समोर आले की कधी माझं मोडकं मराठी दिसायचं, कधी त्यांच्या हातचं इंग्रजी. मी दर वेळी बघत होते. न बघायचं ठरवलं तरी बघत होते.

ते रागावले असते तर? मला तेच हवं होतं असं आता वाटतंय. "अहो ताई, वेब बनवणाऱ्यांचा कार्यक्रम ना हा, आणि एक नाव धड येत नाही?" असं म्हणाले असते तर मी मान खाली घालून माफी मागितली असती आणि हॉलमध्ये जाऊन खुर्च्या मोजल्या असत्या. पण त्यांनी माझीच समजूत घातली. चूक माझी, आणि मला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून धडपड त्यांची.

मराठी बॅजचा हट्ट माझा होता, हे सगळ्यात जास्त टोचतंय. फेब्रुवारीतल्या मीटिंगला सगळे म्हणत होते, इंग्रजीत छापून टाकू, मराठीत काहीतरी फुटतंच. दादाही म्हणाला. मी तासभर भांडले. मुंबईत वेबच्या लोकांनी जमायचं आणि ज्याला हवं त्याला स्वतःचं नाव स्वतःच्या लिपीत मिळू नये? शेवटी फॉर्ममध्ये एक चौकट वाढवली, 'बॅजवर नाव जसं हवं तसंच लिहा'. ते 'तसंच' माझं. सरांनी तसंच लिहिलं होतं. लॅपटॉप उघडून पहिल्यांदा तेच पाहिलं. मूळ नोंदीत त्यांचं आडनाव अगदी बरोबर आहे. ऱ्ह जागच्या जागी. ते मी मोडलं.

कसं मोडलं तेही लिहिते, म्हणजे दुसऱ्या कोणाचं नाव तरी मोडायचं वाचेल. फॉर्ममध्ये लोक व्हॉट्सॲपवरून नाव-ईमेल उचलून चिकटवतात, त्यासोबत न दिसणारी चिन्हं येतात आणि यादी बिघडते. म्हणून यादी साफ करायला मी एक छोटी स्क्रिप्ट, म्हणजे छोटासा प्रोग्रॅम, लिहिली. त्यात सगळे जण वर्षानुवर्षं वापरतात ती ओळ टाकली. युनिकोडमधली, म्हणजे संगणकात प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या यादीतली, २००बी ते २००डी ही चिन्हं काढ, एफईएफएफ काढ. चारही अदृश्य, चारही कचरा, असं मी धरून चालले. त्यातलं २००डी म्हणजे झिरो विड्थ जॉइनर. रुंदी शून्य. डोळ्यांना दिसत नाही, पण र, हलन्त आणि ह यांच्यामध्ये ते असलं की ऱ्ह उमटतो, आणि काढलं की र्ह.

आणि मी तपासलं होतं! मुद्दाम कऱ्हाड लिहूनच तपासलं होतं. पण माझ्या कीबोर्डवर ऱ चं वेगळं बटण आहे. या ऱ ला युनिकोडमध्ये ०९३१ हा स्वतःचा क्रमांक आहे, त्याला जॉइनर लागतच नाही. सरांनी दुसऱ्या पद्धतीने टाइप केलं, साधा र घेऊन. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. मी माझ्या हाताने टाइप केलेला तपासला आणि तेवढ्यावर समाधान मानलं. सगळ्यांची बोटं माझ्यासारखी चालतात असं मी कधी ठरवलं?

सकाळी सेशनमध्ये आम्ही हेच सांगत होतो ना? तुमच्या हातातला फोन म्हणजे सगळ्यांचा फोन नव्हे.

एकदा हा ऱ डोक्यात बसला की तो सगळीकडे दिसायला लागतो. शेतकऱ्यांना, कर्मचाऱ्यांना, वाऱ्यावर, किनाऱ्यावर, दुसऱ्या, कसाऱ्याहून. वर मीच किती वेळा लिहिलाय. दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या म्हणजे डोंगरातल्या. आचार्यांना नमस्कार, आचाऱ्यांना जेवणाचे पैसे. दहा वाक्यं मराठी बोलावं आणि हा आला नाही असं होत नाही, आणि मी त्याला कचऱ्यात काढलं.

याच शहरात या अक्षरांवर माणसांनी आयुष्यं घातली आहेत. अक्षररचनाकार र. कृ. जोशी पवईच्या आयआयटीत शिकवायचे. मराठी टाइप केलं की विंडोजवर वर्षानुवर्षं जो मंगल फाँट दिसायचा, तो त्यांनी घडवलेला. बॅजसाठी मी वापरला तो फाँट 'एक टाइप' या फाँट घडवणाऱ्या गटाचा, तेही मुंबईचेच. कोणालाही विनामूल्य वापरता येतो. त्या फाँटमध्ये ऱ्ह आहे, सुंदर आहे. आमचा छपाईवाला दादरचा, त्यानेही दिलं तसंच छापलं. म्हणजे अक्षर घडवणाऱ्यांनी घडवलं, ज्याचं नाव त्याने बरोबर लिहिलं, छापणाऱ्याने इमानाने छापलं. मधली एक ओळ माझी.

मघाशी थोडी रडले. लपवून काय करू. पाच महिने ऑफिस सुटल्यावर फोन, स्पॉन्सरना मेल, हॉलच्या परवानगीसाठी खेपा, शनिवार-रविवार गेले. मावशी दर वेळी विचारते, यातून मिळतं काय? पैसे नाहीत हे तिला कळतं, पण मग काय, हे तिला सांगता येत नाही. आज सगळं संपल्यावर कोणीतरी एकदा म्हणावं असं वाटत होतं. कोणी म्हटलं नाही. सगळेच दमले होते, आणि मी तरी कोणाला म्हटलं? त्याचा फोन आला नाही, त्याबद्दल इथे लिहायचं नाहीये.

हे असंच असतं हे माहीत असूनच उतरलेय मी यात. २००६ साली सॅन फ्रान्सिस्कोत पहिला वर्डकॅम्प झाला, वर्डप्रेस या वेबसाइट बनवायच्या सॉफ्टवेअरच्या लोकांचा मेळावा. आमच्यासारखे लहान कार्यक्रमही त्याच वळणाचे. स्वयंसेवकांनी भरवायचा, वक्त्यांना मानधन नाही, तिकीट शिकणाऱ्या पोरालाही झेपलं पाहिजे. इथे बसलेल्या कितीतरी जणांचं पोट वर्डप्रेसवर चालतं, आणि ते २००३ पासून सगळ्यांना विनामूल्य मिळतंय. माझंही पहिलं काम त्यावरच होतं. त्या उपकाराची थोडी परतफेड म्हणून मी टेबलापाशी उभी राहते. हे रडून झाल्यावर आठवलं, आणि मग जरा शांत वाटलं.

पण ते वाक्य गेलं नाही. चालतं.

चालतं म्हणजे सवय झालीय. सगळीकडे असंच येतं. किती फॉर्म भरले असतील त्यांनी, किती कागद घरी आले असतील तसे. प्रत्येक ठिकाणी माझ्यासारखंच कोणीतरी, वाईट हेतू नसलेलं, आपल्या मशीनवर तपासून निश्चिंत झालेलं.

सोमवार, रात्री

काल दोनला झोपले. झोपण्याआधी ती ओळ दुरुस्त केली. २००डी वगळलं, शेजारचं २००सी पण वगळलं, कारण तेही कुठल्यातरी लिपीत कोणाच्या तरी नावात काम करत असणार. मग जुनी यादी आणि साफ केलेली यादी शेजारी ठेवून फरक काढला. चार नावं. दोघे आलेच नव्हते, त्यांचे बॅज अजून डब्यात आहेत. तिसरी एक कॉलेजची मुलगी. तिने तो बॅज दिवसभर घातला, फोटोतही दिसतोय, सरळ बाजू पुढे. एक शब्द बोलली नाही. आणि चौथे सर.

सरांना मेल लिहायला बसले. लिहून झाल्यावर वाचला तर पानभर मीच होते. मला किती वाईट वाटलं, मी किती तपासलं होतं, माझा हेतू काय होता. त्यांनी परत एकदा माझी समजूत घालावी म्हणून लिहिल्यासारखा. पुसून टाकला.

एक लिहायचं राहिलं. काल सगळं आटपल्यावर आम्ही खुर्च्या उचलत होतो, तेव्हा सर थांबले होते. त्यांची परतीची गाडी मेगाब्लॉकने उशिरा होती म्हणून असेल. पिशवी स्टेजवर ठेवून बाह्या वर केल्या आणि सहा-सहाच्या थप्प्या लावायला लागले. मी बॅजांचा डबा भरत होते. जाताना ते आले, गळ्यातून पट्टी काढून नीट गुंडाळली आणि टेबलावर ठेवली. "पट्ट्या परत वापरता येतील तुम्हाला," म्हणाले. बॅज तेवढा काढून खिशात घातला. तो का नेला असेल? कोणती बाजू जपायला नेला असेल? दिवसभर ऑफिसात हेच.

आज संध्याकाळी पुढच्या महिन्याच्या मीटअपची नोंदणी सुरू केली. तासाभरात अकरा नावं आली. पाचवं सरांचं. 'बॅजवर नाव जसं हवं तसंच लिहा' या चौकटीत त्यांनी इंग्रजीत लिहिलंय.

काल हे पाहिलं असतं तर पुन्हा रडू आलं असतं. आज नाही आलं. खूप वेळ नुसती त्या ओळीकडे बघत बसले. एकदा मनात आलं, आपणच बदलून मराठीत करून टाकावं, बरोबर ऱ्ह घालून. हात कीबोर्डवर गेलासुद्धा. पण मग मी पुन्हा तेच केलं असतं. त्यांनी लिहिलेलं बाजूला सारून मला बरोबर वाटतं ते छापणं.

ते परत येतायत. एवढ्या लांबून, पुन्हा पहाटेच्या गाडीने. वाईट वाटण्याच्या नादात हे मी आधी पाहिलंच नव्हतं.

मग बारकॅम्प आठवला. २००५ साली पालो आल्टोत जो पहिला झाला, आणि त्यानंतर जगभर झाले ते. तिथे आधीपासून छापलेला कार्यक्रमच नसतो. आलेला माणूस स्वतःच्या हाताने फळ्यावर आपलं नाव आणि विषय लिहितो. आधी मला ती नुसती गंमत वाटायची.

दादाला फोन केला. म्हटलं, मीटअपला बॅज छापायचे नाहीत, कोरे ठेवायचे, टेबलावर मार्कर, ज्याने त्याने आपलं नाव लिहायचं. तो म्हणाला, रांग लागेल. लागू दे, म्हटलं. पुढच्या मोठ्या कार्यक्रमाला पुन्हा छापू, तेव्हा नीट तपासून. मराठीची चौकट तशीच राहणार, त्यावर मी आताही भांडेन. तो हसला आणि म्हणाला, भांड. मग म्हणाला, काल छान झालं सगळं, दमली असशील. कालपासून याचीच वाट बघत होते, आणि आज ऐकलं तेव्हा नुसतं "हो" म्हणून फोन ठेवला.

ऑफिसातून येताना दादरला उतरून कोरे बॅज घेतले, दोन हूकांच्या पट्ट्यांचा भाव विचारून आले. मार्कर जाड टोकाचे मिळत होते. जाड टोकाने ऱ्ह मधला तो बाक नीट निघत नाही, दुकानातच कागदावर काढून बघितला. बारीक टोकाचे सहा घेतले.