शाळेतल्या कॉम्प्युटरवर विंडोज का नाही?

आमच्या केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेला गेलो की चहाच्या वेळी कुणीतरी हमखास विचारतं, "सर, तुमच्या शाळेत म्हणे विंडोज नाही? मग कामं कशी होतात?" परवा तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदा नीट सांगतो.

लोकवर्गणीतून आलेले पाच कॉम्प्युटर, चार जीबी रॅम, प्रोसेसर दहा वर्षांपूर्वीचे. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, ती यांच्यात नाही. विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. म्हणजे मशिनं भंगारात घाला, नाहीतर विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही फुकट सिस्टिम टाका. तत्त्वबित्त्व काही नव्हतं हो. पेनड्राइव्ह होता आणि दिवाळीची सुट्टी होती. (केरळच्या सरकारी शाळा कित्येक वर्षं लिनक्सवर चालतात, एवढं मात्र ऐकून होतो.)

यू-डायस, सरल, शालार्थ या सरकारी पोर्टलवरची (शाळेची माहिती, मुलांच्या नोंदी, पगार) सगळी कामं ब्राउझरमध्येच होतात. सर्व्हर बसला की विंडोजवाल्यांचाही बसतो.

खरा घोळ झाला फॉन्टचा. मुख्याध्यापकांच्या जुन्या फायली सगळ्या कृतिदेवमध्ये. तो फॉन्ट नसलेल्या मशिनवर 'मराठी' हा शब्द उघडला की ई, जे, के, बी, एच अशी इंग्रजी अक्षरं दिसतात, कारण फायलीत साठवलेली तीच असतात. मराठी हा नुसता वरचा मुखवटा! सर म्हणाले, "तुमच्या लिनक्सनं माझी फाइल खाल्ली." मी तीच फाइल दुसऱ्या शाळेतल्या विंडोजवर उघडून दाखवली. तिथंही कृतिदेव नव्हता, तिथंही तोच गोंधळ. मग सगळं कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मशिनवर मराठीच दिसेल अशा अक्षरांत, आणलं. पहिली वेलांटी आणि रफार जागोजागी घसरले होते, ते हातानं बसवता बसवता तीन शनिवार गेले. आता टायपिंग इनस्क्रिप्टमध्ये. तो कीबोर्ड लिनक्सवर तसाच विंडोजवर, त्यामुळे मशिन कुठलंही असो, बोटं अडत नाहीत.

मुलांनी तर काही विचारलंच नाही. दुसरीच्या पोरांनी टक्स पेंट उघडलं आणि रंगांत बुडाली.

एका मशिनवर विंडोज ठेवावंच लागलंय, स्मार्टबोर्डचं सॉफ्टवेअर दुसऱ्या कशावर चालत नाही म्हणून. मुख्याध्यापक त्यावर बसतील असं वाटलं होतं. पण ते बसतात मिंटवरच. त्या टेबलावर पंखा आहे.