तिसऱ्या कडव्यातली खट

परवा दुपारी बिंदू चौकातून रिक्षानं घरी निघालो होतो. रिक्षावाल्यानं जुनं गाणं लावलेलं. तिसरं कडवं आलं आणि दुसऱ्या ओळीच्या मध्यावर माझा कान आपोआप 'खट' होण्याची वाट बघायला लागला. काही झालं नाही, गाणं पुढं गेलं. ते पुढं कसं जातं हे मला आजही नीट ठाऊक नाही; आमच्या घरी ते तिथंच संपायचं.

महाद्वार रोडजवळच्या एका दुकानातनं वडील कॅसेट भरून आणायचे. वहीच्या कागदावर गाण्यांची यादी द्यायची, दुकानदार साठच्या रिकाम्या कॅसेटमध्ये ती भरून ठेवायचा. एका बाजूला 30 मिनिटं. यादी वडिलांची, बेरीज कुणाचीच नाही. मग शेवटचं गाणं तुटणारच; फीत संपली की प्लेअरचं बटण 'खट' करून वर यायचं. नव्वदची घ्यावी तर दुकानदारच नको म्हणायचा. तिची फीत पातळ, लवकर गुंतते. गुंतली की पेन्सिल शोधायची, आणि चाक फिरवताना मागून आईचं "ओढू नकोस, ओढू नकोस" चालू.

त्या यादीचा क्रम अजून डोक्यात पक्का आहे. एक गाणं संपलं की पुढच्याचे सूर आधीच ऐकू येतात, आणि रेडिओवर भलतंच लागलं की मी चिडतो. बायको याला आजार म्हणते. असेल.

कोल्हापूरच्या पावसानं त्यातल्या बऱ्याच कॅसेट खाल्ल्या. फितीच्या कडेला पांढरी बुरशी यायची. तशीच लावली की फितीवरचा आवाज वाचणारं हेड घाण, मग कापूस आणि स्पिरिट घेऊन बसा.

हे सगळं संपलं असं मी धरून चाललो होतो. पण पुतण्या कॅसेट प्लेअर घेऊन आला. "काका, बघा की, नवीन आलाय!" खरंच नवीन, मोबाइलच्या वायरीनं चार्ज होणारा. कोऱ्या कॅसेटही निघतात म्हणे. अमेरिकेत मिसुरीतल्या स्प्रिंगफील्डला नॅशनल ऑडिओ कंपनी अजून त्या बनवते. 1963 मध्ये फिलिप्सची ही कॅसेट ज्यांच्या हाताखाली तयार झाली, त्या लू ऑटेन्स यांनी आधी कोटाच्या खिशात मावेल असा लाकडी ठोकळा करून बघितला होता. पुढं सीडीच्या कामातही ते होते, आणि कॅसेटच्या या नव्या वेडाचं त्यांना फारसं कौतुक नव्हतं. शहाणा माणूस.

मी प्लेअर उलटापालटा केला. रेकॉर्डचं लाल बटण कुठंय? नाहीच. नुसताच वाजतो. म्हणजे कान लावून, घरात सगळ्यांना गप्प बसवून रेडिओवरनं गाणं धरायची सोय नाही, आणि नको तेव्हा वाजलेली कुकरची शिट्टीही त्यात येणार नाही. अशा यंत्राचं करायचं काय?

पुतण्याला ते पटलं. आता त्याला आमचा जुना टू-इन-वन, म्हणजे रेडिओ आणि कॅसेट एकत्र असलेला, हवाय. त्यातला फीत फिरवणारा बेल्ट ढिला झालाय. नवा मिळाला नाही तर रबरबँड लावतो म्हणतोय. मी म्हटलं, लाव, पण वेग एकसारखा राहणार नाही, सगळे गायक डुलत गातील.

"चालतंय की!"