कॅलगरीच्या थंडीत दोन गेको

कॅनडातल्या कॅलगरीत बाहेर पारा उणे ३० वर गेला तरी आमच्या घरात २१ अंश असतात. माणसांना तेवढं पुरतं, लेपर्ड गेको या पालीला नाही. लेकीच्या हट्टाने केशर आणि मिरी या दोन गेको घरी आल्या आणि पहिल्याच हिवाळ्यात या फरकाचा अर्थ कळला. ही पाल मूळची अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि वायव्य भारतातल्या खडकाळ, कोरड्या मुलखातली. तिला स्वतःची ऊब नसते. बाहेरून पुरेशी ऊब मिळाली तरच तिला खाल्लेलं पचतं. (महाराष्ट्रातही याच कुळातल्या पाली रानात आहेत. त्या रानातच राहू द्याव्यात. आमच्या दोघी माणसांकडेच पैदास झालेल्या आहेत.)

त्यामुळे खोलीचा हीटर वाढवून काम भागत नाही. पेटीच्या एका टोकाला जमीन ३२-३३ अंश हवी, दुसऱ्या टोकाला २३-२४, म्हणजे तिला हवं तिथे ती जाऊन बसते. दोघींच्या पेट्या वेगळ्या, प्रत्येकीच्या तळाशी हीट मॅट, म्हणजे विजेवर गरम होणारी चटई, आणि थंडीत वरून उजेड न देणारा डीप हीट प्रोजेक्टर. हे सगळं थर्मोस्टॅटवर, म्हणजे ठरवलेल्या अंशाला ऊब आपोआप रोखणाऱ्या यंत्रावर. थर्मोस्टॅटशिवाय मॅट लावू नका, हे मी हात जोडून सांगते. नुसती मॅट ४५ अंशांच्याही वर जाऊ शकते, आणि पोट भाजत असलं तरी पाल तिथून हलेलच असं नाही. लाल दिवे मी घरात ठेवतच नाही. तो उजेड त्यांना दिसतो आणि रात्रीची रात्र राहत नाही.

काचेवर चिकटवायच्या गोल, काट्याच्या तापमापकावर विसंबू नये. तो हवेचं तापमान दाखवतो, तेही अंदाजे. आम्ही टेम्परेचर गन घेतली आणि रोज सकाळी लेक जमिनीचं तापमान वहीत लिहू लागली. त्या वहीनेच दाखवलं की थंड टोक पहाटे १९ पर्यंत उतरतंय. पेट्या बाहेरच्या भिंतीला लागून होत्या. त्या आतल्या भिंतीकडे हलवल्या, तीन बाजूंना बाहेरून थर्मोकोल लावला, मॅट आणि प्रोजेक्टरपासून लांब. थंड टोक २३ वर स्थिरावलं.

डिसेंबरात केशरने खाणं कमी केलं. ऊब बरोबर असूनही काही गेको हिवाळ्यात कमी खातात, आणि शेपटीत चरबी साठलेली असते म्हणून त्यांचं निभतं. पण आजारपणही असंच सुरू होतं, त्यामुळे नजरेवर न जाता वजन करावं. तिचं वजन ६२ ग्रॅमचं ५९ झालं आणि तिथेच थांबलं. सरपटणारे प्राणी पाहणाऱ्या डॉक्टरांनी विष्ठा तपासली, त्यात जंत नव्हते. वजन दहा टक्क्यांनी घटलं तर लगेच आणा, असं त्या म्हणाल्या. मुद्दाम पेटी थंड करून तिला हिवाळी झोपेत पाठवण्याच्या फंदात आम्ही पडलो नाही. अर्धवट थंडी सगळ्यांत वाईट. पाल जागी राहते, खाते, आणि पोटातलं अन्न सडतं.

कॅलगरीत थंडीपेक्षाही कोरडेपणा जास्त छळतो. हीटर चालू असला की घरातली आर्द्रता २० टक्क्यांच्या खाली जाते आणि कात नीट निघत नाही. एरवी अंग पांढुरकं पडतं, रात्रीत कात निघते आणि पाल ती खाऊनही टाकते. मिरीच्या मागच्या पायाच्या एका बोटावर मात्र जुन्या कातीचं कडं राहिलं, दोऱ्याएवढं बारीक. असं कडं आवळत गेलं की बोटाचा रक्तपुरवठा तुटतो आणि बोट गळून पडतं. झाकणाला भोकं पाडलेल्या डब्यात ओला टिश्यू अंथरून, कोमट पाण्याचा पातळ थर घालून तिला पंधरा मिनिटं ठेवलं. मग ओल्या कापसाच्या काडीने घोट्याकडून नखाकडे हलकेच लोटत राहिले. ओढायचं नाही. कडं सैल झालं, नखापाशी अडलं आणि मग निघालं.

तेव्हापासून कात सुटायला ओलावा मिळावा म्हणून उबदार बाजूला ओलं शेवाळ भरलेला, दार कापलेला झाकणाचा डबा कायम असतो. हिवाळ्यात साताऱ्याहून आलेली आई सुरुवातीला पालीच्या खोलीत पाऊलही टाकत नव्हती. शेवाळ किती ओलं ठेवायचं यावर आमची चर्चा चालू होती, तेव्हा तीच म्हणाली, “अगं, मटकीच्या फडक्याएवढं ठेव. पाणी गळायला नको आणि सुकायलाही नको.” इतकं नेमकं माप मला कुठेच मिळालं नव्हतं. पुढे डब्यात पाणी शिंपडायचं काम तिनेच घेतलं.

१३ जानेवारी २०२४ च्या संध्याकाळी सगळ्यांचे फोन एकदम वाजले. आमच्या अल्बर्टा प्रांताच्या वीजजाळ्यावर ताण आहे, गरज नसलेली वीज बंद करा, असा सरकारी इशारा होता. बाहेर कडाक्याची थंडी. आम्ही घरातले दिवे, डिशवॉशर, टीव्ही बंद केले, पेट्या तेवढ्या चालू ठेवल्या. केशरला त्या रात्री किडे द्यायचे होते, ते दिले नाहीत. वीज गेलीच असती तर रिकाम्या पोटी थोडी थंडी तिने सोसली असती, भरल्या पोटी नाही. थर्मॉसमध्ये गरम पाणी भरलं, शेकायच्या रबरी पिशव्या आणि पंचे बाहेर काढले, हवेसाठी भोकं पाडलेलं थर्मोकोलचं खोकं टेबलावर आणून ठेवलं. पिशवी पंचात गुंडाळून खोक्याच्या एकाच बाजूला ठेवायची, दुसरी बाजू मोकळी, म्हणजे खोक्यातही पालीला सरकायला जागा राहते. लोकांनी झपाट्याने वीज वाचवली आणि दिवे गेले नाहीत. दुसऱ्या दिवशी जमिनीचं तापमान पाहून केशरला किडे घातले. तिने दोन खाल्ले, उरलेले आम्ही लगेच काढून घेतले, कारण रात्रभर पेटीत राहिलेले रातकिडे पालीलाच चावू शकतात.