चोर्ला ते काब द राम: माउंट अडलं की आधी व्होल्ट बघा

माघ अमावस्या धरून आम्ही दुर्बिणी घेऊन तारे बघायला साखळी-केरीमार्गे चोर्ला घाट चढून सुर्ल्याच्या सड्यावर गेलो. दुसरी रात्र काणकोणात, काब द रामच्या बाजूला. गोव्यातून अगस्त्य दक्षिणेला २२ अंशांपर्यंत वर येतो, पहाटे नरतुरंग तारकासमूहातला ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ मिळतो. दुर्बीण ज्याच्याशी जुळवून मांडायची तो ध्रुव मात्र जेमतेम १५ अंशांवर, तेव्हा उत्तरेला झाडं नसलेली जागा उजेडातच हेरून ठेवा.

सुर्ल्याला आमच्यातल्या एकाचं गो-टू माउंट (दुर्बीण सांगितलेल्या ताऱ्याकडे आपोआप वळवणारं मोटरचं स्टँड) मृगाकडून सप्तर्षींकडे वळायला लागलं की मध्येच हातातला कंट्रोलर विझायचा आणि पुन्हा तारीख-वेळ विचारायचा.

"दादा, आतला सर्किट बोर्ड गेला वाटतं," तो म्हणाला.

"थांब, आधी व्होल्ट बघू."

बॅटरीवर मल्टिमीटर लावला तर १२.६. हा आकडा फसवा आहे. माउंट नुसतं उभं असताना करंट अगदी कमी लागतो. पूर्ण वेगाने वळताना तो बराच वाढतो, आणि मोजायचं ते तेव्हाच. दोन्ही मोटर एकदम चालवल्या: बॅटरीपाशी १२.३, माउंटपाशी १०.४. मधले जवळजवळ दोन व्होल्ट लांब, बारीक वायर आणि गाडीच्या लायटर सॉकेटमधला प्लग खात होते. प्लग हाताला गरम लागत होता. जाड, आखूड वायर फ्यूजसकट थेट बॅटरीला जोडली आणि पहाटेपर्यंत माउंट एकदाही अडलं नाही. अशी वायर बनवलीत तर लावण्याआधी प्लस-मायनस माउंटवरच्या खुणेशी ताडून घ्या. उलट जोडणीने बोर्ड खरोखरच जातो. काचेवर दव धरू नये म्हणून लावलेल्या हीटरला वेगळी बॅटरी द्या.

काब द रामला खाऱ्या वाऱ्याने वेगळाच त्रास दिला. डेक्लिनेशनची, म्हणजे दुर्बीण उत्तर-दक्षिण फिरवणारी मोटर गप्प, दुसरी ठीक. दोन्ही मोटरच्या केबल सारख्याच असल्या तर मुख्य स्विच बंद करून त्या अदलाबदल करून बघा. बिघाड दुसऱ्या मोटरकडे गेला तर दोष केबलचा. तिथेच राहिला तर केबल निर्दोष, मग सॉकेट, मोटर आणि बोर्ड बघायचं. आमच्याकडे तो केबलबरोबर सरकला. तिच्या टोकाच्या पिनांवर हिरवट थर चढला होता. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने तो निघाला, वाळल्यावर मोटर फिरू लागली. वीज चालू असताना कुठलीही केबल काढू-घालू नका, कंट्रोलरची तर नाहीच.

एसी गाडीतून आणलेल्या माउंटची पेटी लगेच उघडू नका. थंड धातूवर गोव्याची दमट हवा लागली की आत पाणी धरतं. पेटी बंदच ठेवून अर्धा-पाऊण तास जाऊ द्या. जून ते सप्टेंबर पेटीत सिलिका जेल ठेवा आणि महिन्यातून एकदा तरी दोन्ही मोटर चालवून बघा.